हुंडणावळीचा हिशेब

मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला चलन बदलण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही. औरंगाबाद-जालन्याकडचा व्यापारी नगरच्या किंवा सोलापूरच्या पेठेत आला की कनवटीचा निजामाचा हाली रुपया देऊन इंग्रजी कलदार रुपया घेई. सरकारी प्रमाण सात हालीला सहा कलदार असे होते. पेढीवर बट्टा वेगळा. हैदराबाद संस्थान 1948 मध्ये भारतात आले, तरी हाली सिक्का पुढे काही वर्षे चालला आणि 1959 मध्ये बंद झाला. गोव्यात 1961 अखेर पोर्तुगीज एस्कुदो होता. पन्नासच्या दशकात दुबई-कुवेतच्या बाजारात मात्र आपला रुपयाच चालत होता. सोन्याच्या चोरट्या व्यापारातून देशाचे परकीय चलन गळू लागले, म्हणून रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. पुढे कुवेतने 1961 मध्ये आणि बहारीनने 1965 मध्ये स्वतःचे चलन आणले. 1966 च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर उरलेल्यांनीही एकेक करून रुपया सोडला.

सराफाच्या पेढीवर उभ्या असलेल्या त्या व्यापाऱ्याला तीन गोष्टी पक्क्या ठाऊक असत: भाव काय, बट्टा किती आणि शेवटी हातात काय पडणार. आज परदेशी जाणारा पर्यटक, मुलीची फी भरणारा बाप किंवा दुबईहून घरी पैसे धाडणारा कामगार यांना पहिली गोष्ट मोबाईलवर क्षणात कळते. उरलेल्या दोन बहुतेकांना कळत नाहीत आणि नुकसान होते ते तिथेच. परदेशप्रवासाच्या आणि परदेशवास्तव्याच्या पैशाचा हा सगळा प्रश्न त्या दोन गोष्टींच्या बाजूने तपासायला हवा.

आधी थोडे मागे जाऊ, कारण आपल्या घरांतल्या पुष्कळ समजुती जुन्या टंचाईतून आलेल्या आहेत. 1947 चा परकीय चलन कायदा आणि त्यानंतरचा 1973 चा अधिक कडक फेरा यांच्या काळात परदेशी जायचे तर ‘पी फॉर्म’ची मंजुरी लागे. साठ-सत्तरच्या दशकांत शिकायला गेलेल्यांच्या आठवणींत खिशातले आठ डॉलर हटकून येतात. नातेवाइकाकडे उतरणे, डबा बांधून नेणे, डॉलर जपून घरी परत आणणे आणि ते कपाटात ठेवणे या सवयी तेव्हाच्या. 1991 च्या जुलैत दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. 1993 पासून रुपयाचा भाव बाजारावर सोपवला गेला. 2000 च्या जूनपासून फेराच्या जागी फेमा आला. 2004 च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना, म्हणजे बँकवाल्यांच्या तोंडची एलआरएस, सुरू केली. तेव्हा माणशी वर्षाला 25 हजार डॉलर पाठवता येत. 2015 पासून ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. 2013-14 मध्ये या योजनेतून सुमारे 1.1 अब्ज डॉलर बाहेर गेले होते. 2023-24 मध्ये ही रक्कम 31.7 अब्जांच्या घरात होती आणि त्यातले निम्म्याहून अधिक, सुमारे 17 अब्ज डॉलर, केवळ प्रवासापोटी गेले. दहा वर्षांत एवढा बदल झाला. डॉलर मिळेल का, ही चिंता संपली. तो कितीला पडतो हे मात्र कुणी शिकवले नाही.

आता भावाची फोड करू. बँका आपसांत मोठ्या रकमांचे व्यवहार ज्या भावाने करतात तो इंटरबँक दर. शोधयंत्रावर दिसतो तो साधारण या खरेदी-विक्रीचा मध्य. हा भाव तुम्हा-आम्हाला सहसा मिळत नाही, पण सगळी मोजमापे त्याच्यापासून करायची. प्रत्येक बँक रोज सकाळी आपले दरपत्रक काढते आणि त्यात एकाच डॉलरचे अनेक भाव असतात. खात्यातून थेट परदेशी खात्यात पाठवायचा तर टीटी सेलिंग, ट्रॅव्हल कार्डावर भरायचा तर वेगळा, हातात नोटा हव्या तर आणखी वेगळा. नोटा सगळ्यांत महाग पडतात, कारण त्या विमानाने आणाव्या लागतात, त्यांचा विमा उतरवावा लागतो आणि विकल्या जाईपर्यंत तिजोरीत भांडवल अडकून राहते. टीटी म्हणजे नुसती खात्यातली नोंद, म्हणून ती स्वस्त. विमानतळावरच्या खिडकीत नोटांचा भाव आणखी चढतो. तिथले भाडे जबर असते आणि समोर उभ्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाण्याची सोय नसते. ‘शून्य कमिशन’ अशी पाटी दिसली तर कमिशन भावातच मिसळले आहे असे खुशाल समजावे.

हिशेबाच्या सोयीसाठी डॉलरचा मधला दर 90 धरू आणि खर्च 2,000 डॉलरचा. मूळ किंमत झाली 1,80,000 रुपये. हा सगळा खर्च परदेशात नेहमीच्या भारतीय डेबिट किंवा क्रेडिट कार्डाने केला तर बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप लागतो, म्हणजे 6,300 रुपये. या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 1,134. एकूण 7,434 रुपये निव्वळ बट्ट्यापोटी गेले. याउलट बँकेकडून किंवा चलन-विक्रेत्याकडून डॉलर विकत घेतले तर जीएसटीची रीत निराळी आहे. एक लाखापर्यंतच्या रकमेवर एक टक्का, त्यापुढे दहा लाखांपर्यंत अर्धा टक्का एवढे सेवेचे मूल्य धरायचे आणि त्या मूल्यावर 18 टक्के कर लावायचा. आपल्या उदाहरणात हा कर जेमतेम 252 रुपये होतो. म्हणजे पावतीवर जो कर ठळक छापलेला असतो आणि ज्यावरून लोक हुज्जत घालतात, तो किरकोळ आहे. मोठी रक्कम भावाच्या फरकात जाते आणि त्या फरकाची पावतीवर ओळच नसते.

म्हणून खिडकीवर विचारायचा प्रश्न ‘आज डॉलर काय भाव?’ हा नव्हे. ‘मला 2,000 डॉलर हवेत, सगळे धरून माझ्या खात्यातून किती रुपये जातील?’ हा तो प्रश्न. त्या आकड्याला 2,000 ने भागा, मधल्या दराशी ताडून पाहा, आणि दोन-तीन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवा. फोर्ट-कुलाब्यातल्या अधिकृत मनी चेंजरचा आणि घराजवळच्या बँकेचा आकडा यांत कधी कधी रुपया-दीड रुपयाचा फरक निघतो. चांगली गोष्ट अशी की घासाघीस इथे चालते. शाखेच्या अधिकाऱ्याला ठरावीक मर्यादेत भाव सुधारून देण्याची मुभा असते आणि वर्षानुवर्षे त्या बँकेत खाते असलेल्याने ती मागायला लाजू नये. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने 2019 च्या ऑगस्टमध्ये ‘एफएक्स-रिटेल’ नावाचा मंच सुरू केला. त्यावर सामान्य ग्राहकालाही बाजारभावाने डॉलर घेता येतात आणि बँक आपले शुल्क वेगळे सांगते. पण शाखेत विचारले तर अनेकदा समोरच्यालाही त्याची माहिती नसते. इतकी उपयोगी सोय इतक्या कमी लोकांपर्यंत पोहोचावी, हे मला खटकते.

कार्डांच्या बाबतीत सगळ्यांत घातक सापळा परदेशातल्या दुकानात असतो. यंत्रावर विचारणा येते, पैसे रुपयांत द्यायचे की स्थानिक चलनात? रुपया दिसला की आपल्याला हायसे वाटते, आकडा ओळखीचा वाटतो आणि बोट तिकडे जाते. पण तो भाव त्या दुकानदाराच्या यंत्रवाल्याने ठरवलेला असतो आणि मधल्या दरापेक्षा बराच चढा असतो. शिवाय व्यवहार परदेशातला म्हणून आपली बँक त्यावर आपले शुल्क लावू शकते ते वेगळेच. लंडनमध्ये पाउंड, पॅरिसमध्ये युरो, दुबईत दिरहॅम हाच पर्याय निवडावा, दर वेळी. एटीएमवरही हीच विचारणा होते आणि तिथेही हेच उत्तर. रुपयांत किमती दाखवणाऱ्या हॉटेल-आरक्षणाच्या संकेतस्थळांवर हाच प्रकार शांतपणे घडतो.

फॉरेक्स कार्डाची जाहिरात जोरात असते. भाव आज बांधून घेता येतो आणि खर्चाला आपोआप मर्यादा पडते, हे त्याचे खरे गुण. मात्र कार्डावर युरो भरले आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकमध्ये खर्च केला तर पुन्हा रूपांतर होते, पुन्हा शुल्क लागते. हॉटेलात किंवा भाड्याच्या गाडीसाठी अनामत म्हणून रक्कम रोखली गेली तर ती सुटायला आठवडे जातात, म्हणून अशा ठिकाणी क्रेडिट कार्ड बरे. पण क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नये, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. परदेशी मार्कअप न लावणारी काही कार्डे आता मिळतात. वर्षाकाठी एकदा जरी बाहेर जाणे होत असेल तरी असे एक जवळ असावे, दुसऱ्या बँकेचे दुसरे वेगळ्या पिशवीत ठेवावे आणि थोडी रोकड. यूपीआयचीही पावले बाहेर पडली आहेत: 2021 मध्ये भूतान, 2024 च्या फेब्रुवारीत श्रीलंका, मॉरिशस आणि पॅरिसचा आयफेल टॉवर. अजून तिच्यावर सगळी भिस्त ठेवून निघण्याजोगी स्थिती नाही.

नियमांचे थोडक्यात. एका प्रवासाला नोटांच्या रूपात साधारणतः 3,000 डॉलरपर्यंत नेता येतात, बाकी कार्डावर; हज-उमरा आणि काही मोजक्या देशांना सवलती आहेत. परकीय चलन घेताना रुपयांत रोख देता येते ती 50 हजारांच्या आत. परत आल्यावर 2,000 डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरचे 180 दिवसांत परत विकायचे. भारतीय नोटा 25 हजारांपर्यंत बरोबर ठेवता येतात, आणि परतल्यावर विमानतळ ते घर एवढ्यासाठी त्या लागतातच. पॅन लागतो, पावती जपून ठेवावी लागते. हवालावाल्याचा भाव कितीही गोड असला तरी तो व्यवहार फेमाचे उल्लंघन आहे, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही.

टीसीएसने मात्र लोकांची झोप उडवली आणि त्यात समजापेक्षा गैरसमज जास्त आहेत. 2020 च्या ऑक्टोबरपासून परदेशी रक्कम पाठवताना बँकेने ठरावीक मर्यादेपुढे कर गोळा करायचा असे ठरले. 2023 च्या ऑक्टोबरपासून बहुतेक कारणांसाठी तो दर थेट 20 टक्के झाला. 2025 च्या एप्रिलपासून मर्यादा सात लाखांवरून दहा लाखांवर गेली आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या फीवरचा हा कर उठला. 2026 च्या अर्थसंकल्पाने शिक्षण, उपचार आणि सहलीचे पॅकेज यांवरचा दर दोन टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. आकडे असे दर वर्षी हलतात, म्हणून निघण्यापूर्वी चालू दर बँकेत विचारणेच शहाणपणाचे. पण मूळ मुद्दा हलत नाही: हा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला आयकर आहे. विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. खरी अडचण आहे ती पैसा मधले काही महिने अडकून पडण्याची. निवृत्त बापाच्या खात्यातून रक्कम गेली आणि त्याला आयकरच बसत नसेल, तर परताव्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते. ते न भरल्यामुळे स्वतःचे पैसे सोडून देणारी कुटुंबे आहेत आणि त्याचे वाईट वाटते.

देशोदेशीच्या तऱ्हा वेगळ्या. नेपाळचा रुपया 1993 पासून आपल्या रुपयाला 1.6 या भावाने बांधलेला आहे, भूतानचा न्गुलत्रुम बरोबरीचा. व्हिएतनामी डाँग किंवा इंडोनेशियन रुपिया इथून घेणे महागात पडते. कोऱ्या, न दुमडलेल्या शंभराच्या डॉलर नोटा न्याव्यात आणि तिथे शहरात बदलाव्यात. मळकी, शाईचा डाग पडलेली नोट आशियातले बरेच चलनवाले घेत नाहीत किंवा कमी भावाने घेतात. थायलंडमध्ये परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की दर वेळी 220 बाथ किंवा त्याहून अधिक कापले जातात, तेव्हा थोडे थोडे काढण्यात तोटा. जपानमध्ये छोट्या दुकानांत अजून रोकड लागते आणि सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर परदेशी कार्ड बहुधा चालते. स्वीडनमध्ये उलट, नोट दाखवली तर घ्यायलाच कुणी तयार नसते. प्रागच्या चलन-दुकानांची कीर्ती इतकी वाईट होती की 2019 मध्ये चेक सरकारने कायदाच केला: पटले नाही तर तीन तासांत व्यवहार मोडता येतो. अमेरिकेत पाटीवरच्या किमतीत विक्रीकर नसतो आणि हॉटेलात बसून जेवल्यावर 15 ते 20 टक्के टिप द्यावी लागते, तेव्हा मेन्यूकार्डावरचा आकडा सव्वापट करूनच वाचावा. इंग्लंडचे जुने कागदी 20 आणि 50 पाउंड 2022 च्या सप्टेंबरअखेर चलनातून गेले. मामांनी जपून ठेवलेल्या नोटा तिथल्या दुकानात चालणार नाहीत, बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून घ्याव्या लागतील.

सहलीचे अंदाजपत्रक फार अवघड नाही, आणि त्यावर मी फार रेंगाळणार नाही. आपल्याकडच्या यात्रा-कंपन्यांच्या पत्रकात भाव बऱ्याचदा दोन तुकड्यांत असतो: इतके रुपये अधिक इतके युरो. लोक पहिला तुकडा लक्षात ठेवतात. दुसरा तुकडा निघण्याच्या सुमाराच्या भावाने भरायचा असतो. शेंगेन व्हिसाची फी 2024 च्या जूनपासून 90 युरो आहे, वर व्हिसा-केंद्राचे सेवाशुल्क. किमान 30 हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. विमा स्वस्तातला घेऊ नये, विशेषतः मुलांकडे सहा महिने अमेरिकेत राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी. तिथे एका रात्रीच्या इस्पितळाचे बिल आयुष्याच्या बचतीला भोक पाडू शकते.

ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो प्रश्न विद्यार्थ्यांचा आहे. पर्यटकाचा हिशेब चुकला तर एखादी खरेदी राहते. विद्यार्थ्याचा चुकला तर घरावर कर्ज राहते. लातूर, सांगली, अकोल्यातून आज मुले जर्मनी, आयर्लंड, ब्रिटन, कॅनडाला जातात. मागे शेत किंवा फ्लॅट तारण असतो आणि ज्यांच्याकडे माहिती सगळ्यांत कमी, त्यांच्याच डोक्यावर चलनाची जोखीम सगळ्यांत मोठी.

ही जोखीम दोन बाजूंनी वाढते. जर्मनीचे उदाहरण घ्या. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याचा खर्च बंद खात्यात आधीच ठेवावा लागतो. 2021 मध्ये ही रक्कम 10,332 युरो होती, 2023 मध्ये 11,208, आणि 2024 च्या सप्टेंबरपासून 11,904. दरम्यान युरोनेही 2025 मध्ये शंभरी ओलांडली. गरज युरोत वाढली आणि युरो रुपयात वाढला. कॅनडाने तर 2024 च्या जानेवारीत राहण्याच्या खर्चाची अट दहा हजार डॉलरवरून एकदम 20,635 वर नेली आणि 2025 च्या सप्टेंबरात 22,895 केली. ऑस्ट्रेलियाची अट 2024 च्या मेपासून 29,710 ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्याच्या मुलाला विचारून काढलेला अंदाज म्हणूनच फसतो.

डॉलरचा इतिहास पाहिला तर 2015 मध्ये तो 64 च्या आसपास होता आणि 2025 च्या डिसेंबरात त्याने 90 ओलांडले. सरासरी काढली तर वर्षाला तीन-साडेतीन टक्क्यांची घसरण. ती गृहीत धरून चालता येते. पण रुपया सरासरीने घसरत नाही, तो पायऱ्यांनी घसरतो. 2013 मध्ये मेच्या सुरुवातीला डॉलर 54 च्या आसपास होता. ऑगस्टच्या 28 तारखेला तो 68 च्या पुढे गेला. चार महिन्यांत पाव हिस्सा वाढ, आणि ती नेमकी अमेरिकी विद्यापीठांची पहिली फी भरण्याच्या हंगामात. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने एलआरएसची मर्यादा दोन लाख डॉलरवरून 75 हजारांवर आणली. ज्यांचे कर्ज रुपयांत मंजूर झाले होते त्यांना तेवढ्या रुपयांत पूर्वीइतके डॉलर मिळेनात.

यावर उपाय चमत्काराचा नाही. कर्जाची रक्कम ठरवताना आजच्या भावावर निदान दहा टक्के जास्त धरावेत, आणि दुसऱ्या वर्षासाठी त्याहून अधिक. डॉलर उतरेल म्हणून वाट पाहत बसणे हा जुगार आहे, आणि सगळी फी एकाच दिवशी एकाच भावाने पाठवणेही तितकेसे शहाणपणाचे नाही. विद्यापीठ हप्ते देत असेल तर हप्त्यांनी पाठवावे म्हणजे भाव सरासरीत येतो. मुलगी दहावीत असतानाच बाहेर पाठवायचे ठरले असेल तर बचतीचा काही भाग डॉलरशी बांधलेल्या गुंतवणुकीत असावा. सगळे रुपयांच्या मुदत ठेवीत ठेवून चौदा लाखांची फी अठरा लाख झाल्यावर हळहळण्यात अर्थ नाही. तारेने पैसे पाठवताना वाटेतल्या बँका आपापले शुल्क कापतात, आणि विद्यापीठाच्या खात्यात वीस-तीस डॉलर कमी पोहोचले तरी फी अपुरी म्हणून नोंद होते. शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे, असा पर्याय फॉर्मवर स्पष्ट निवडावा. आणि समाजमाध्यमावर कुणी ‘फी सवलतीत भरून देतो’ म्हणाला तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. असे लोक चोरीच्या कार्डांनी फी भरतात, नंतर ती रक्कम परत खेचली जाते, आणि पैसे तर जातातच, प्रवेशही धोक्यात येतो.

व्हिसाला लागणारी रक्कम म्हणजेच राहण्याचा खर्च, हा दुसरा गैरसमज. जर्मनीच्या बंद खात्यातून महिन्याला 992 युरो मिळतात. केमनिट्झ किंवा लाइप्झिगला त्यात काटकसरीने भागते. म्यूनिकमध्ये खोलीच मिळेल की नाही याची शंका. घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो आणि तिचा निदान पहिला हप्ता सुरुवातीलाच द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये कायद्याने ही अनामत साधारण पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे, पण तिथे ओळखीचा जामीनदार नसला तर घरमालक 2026 पर्यंत अनेक महिन्यांचे भाडे आगाऊ मागत, आणि आरोग्य अधिभाराचे वर्षाला 776 पाउंड व्हिसाच्या वेळीच मोजावे लागतात. जर्मनीत जाहिरातीतले भाडे अनेकदा ‘थंडे’ असते, म्हणजे हीटिंग आणि पाणी सोडून. विचारायचे ते ‘उबदार’ भाडे. गादी, भांडी, हिवाळी कोट, पहिला बसपास, आरोग्यविमा, घरागणिक रेडिओ-टीव्हीचे महिना 18.36 युरो. हे सगळे पहिल्या दोन महिन्यांत अंगावर येते. म्हणून बंद खात्याखेरीज दीड-दोन हजार युरो हाताशी असावेत असे माझे मत आहे, आणि ते कर्जाच्या अर्जातच धरावेत.

अर्धवेळ कामाच्या कमाईवर फीचा हिशेब बसवू नये. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, कॅनडात 24 तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48 तास, जर्मनीत वर्षाला 140 पूर्ण दिवस अशा मर्यादा आहेत, आणि काम मिळेलच असे नाही. मिळाले तर त्यातून किराणा आणि बसपास निघावा, एवढीच अपेक्षा ठेवावी. ‘तिकडे गेल्यावर कमावून भरेल’ असे सांगणाऱ्या सल्लागाराच्या कचेरीतून उठून यावे.

आणि मुलांसाठी एक कळकळीची गोष्ट. तिथे गेल्यावर पहिले काही महिने प्रत्येक वस्तूला शंभराने किंवा नव्वदाने गुणण्याची सवय सुटत नाही. दोन आठवड्यांच्या सहलीवर गेलेल्याला ही सवय उपयोगी आहे, खर्चाला लगाम राहतो. पण राहायला गेलेल्याला ती उपाशी ठेवते. सफरचंदाचे रुपये मोजून फळे सोडणारी, खोली गरम न करणारी, आजारी पडल्यावर डॉक्टरकडे न जाणारी मुले मी पाहिली आहेत. राहणाऱ्याने तिथल्या वेतनाचे माप लावावे. जर्मनीत 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. विद्यापीठाच्या मेन्झामधले, म्हणजे खाणावळीतले, जेवण अर्ध्या तासाच्या कामाहून कमीत पडते. मग कळते की घरभाडे खरोखर महाग आहे आणि डाळ-तांदूळ, दूध, अंडी तितकी नाहीत. काटकसर भाड्यात करावी, अन्नात आणि औषधात नाही. हे आईवडिलांनी फोनवर स्वतःहून सांगायला हवे, कारण मुले विचारत नाहीत.

कमावायला गेलेल्यांचा हिशेब उलट्या दिशेने वाहतो. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 मध्ये परदेशातून आलेल्या पैशात सगळ्यांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता, 20.5 टक्के, केरळ त्याच्या किंचित मागे. त्यात कॅलिफोर्नियातल्या संगणक-अभियंत्याचे पैसे आहेत आणि कुवेतमध्ये राबणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाचेही. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडातल्या स्विंडनला गेलेल्यांचा हिशेबही याच जातीचा. दिरहॅम 1997 पासून डॉलरला 3.6725 या भावाने बांधलेला आहे, त्यामुळे इथे डॉलर चढला की दुबईतल्या एक्स्चेंज हाउससमोर रांगा लागतात. घरी पाठवलेले रुपये वाढतात हे खरे, पण गावात महागाईही वाढलेली असते. अमेरिकेतून रोख किंवा मनी ऑर्डरने पैसे पाठवल्यास 2026 च्या जानेवारीपासून एक टक्का कर लागतो. बँक खात्यातून पाठवल्यास लागत नाही. परदेशी स्थायिक झाल्यावर गावचे साधे बचत खाते अनिवासींच्या एनआरओ खात्यात बदलावे लागते आणि बाहेरची कमाई एनआरई खात्यात ठेवली तर ती पुन्हा बाहेर नेता येते. हे काम वर्षानुवर्षे टाळणारे कितीतरी आहेत. कायमचे परत येणाऱ्यांना आरएफसी खात्यात आपली परकीय कमाई परकीय चलनातच ठेवता येते. घाईने सगळे रुपयांत बदलण्याची गरज नाही.

बँकांकडे एक मागणी आहे आणि ती अवाजवी नाही. परकीय चलनाच्या प्रत्येक पावतीवर एक ओळ छापा: त्या क्षणीचा मधला दर इतका, आम्ही लावलेला दर इतका, फरकापोटी तुमच्याकडून घेतलेली रक्कम इतकी. कर्जाच्या पासबुकात व्याज वेगळे दिसते, तसा हा बट्टाही दिसला पाहिजे. ती ओळ येईपर्यंत वाचकांनीच ती स्वतः मांडावी. पुढच्या वेळी परकीय चलन मागण्याच्या ए-टू फॉर्मवर सही करण्याआधी, एकूण किती रुपये जाणार आणि तिकडे नेमके किती पोहोचणार, हे दोन आकडे समोरच्याकडून लिहून घ्या. ते लिहून द्यायला तयार नसेल, तर शेजारच्या बँकेत जा.